थंडीत बांधलेले घर

दिवाळीचे फटाके थांबले की आमच्या लातुरात दुसरा आवाज सुरू होतो. गल्लीच्या तोंडाशी मिक्सर गरगरू लागतो, वाळूचा ढीग अर्ध्या रस्त्यावर येतो, लोखंडाच्या सळया फरफटत नेल्याचा खणखणाट सकाळीच कानावर पडतो. पावसाळाभर थांबलेली घरे एकदम उभी राहायला लागतात. २०२२ च्या हिवाळ्यात त्या आवाजात आमच्याही घराचा आवाज मिसळला. तोपर्यंत घर बांधण्याविषयी मला जे काही ठाऊक होते ते ऐकीव होते. त्या चार-पाच महिन्यांत थोडेफार समजले, ते आज आपल्याला सांगावे म्हणतो. हिवाळ्यात घर बांधणे चांगले, हे सगळेच सांगतात. पण थंडीची एक अट आहे, ती फारसे कुणी सांगत नाही.

आधी चांगली बाजू. पाऊस साधारणपणे ऑक्टोबरमध्ये परततो. आमच्याकडची काळी माती मोठी लहरी. पाणी प्याली की फुगते, उन्हाने आटली की भेगाळते. अशा मातीवर टेकवलेले घर वर्षातून दोनदा हलते, आणि मग भिंतीवर कोपऱ्यापासून तिरप्या भेगा दिसू लागतात. म्हणून काळी माती ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. पावसाळ्यात खोदायला गेले तर खड्ड्यात पाणी भरते, कडा ढासळतात. भर उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते, कुदळ उसळून परत येते. नोव्हेंबरात मात्र ती पुरती ओलीही नसते आणि पुरती कोरडीही नसते. आमच्या प्लॉटवर सहा फुटांवर मुरूम लागला. मिस्त्री खड्ड्यात उतरले, पहारीने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि म्हणाले, “भाई, हितं बसल तुमचं घर.” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण खरोखरच घर बांधतो आहोत.

दुसरे कारण पाणी. घराला विटा आणि सिमेंट लागते हे सगळ्यांना माहीत असते, पाणी किती लागते हे मात्र बांधायला घेतल्यावर कळते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी साठवून ठेवायचे म्हटले तर ते पावणेपाच हजार लिटरच्या आसपास जाते. तेही एकदाच भरून भागत नाही. पाणी उडते, झिरपते, रोज पुन्हा घालावे लागते. हिवाळ्यात विहिरी आणि बोअर अजून साथ देतात. मार्च-एप्रिल उजाडला की आमच्या भागात पाण्याचे काय होते, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. माणसे घागरी घेऊन रांगेत उभी असताना स्लॅबवर पाणी सोडायला हात धजत नाही. आणि न सोडावे तर घर कच्चे राहते. म्हणून पाण्याचे काम पाणी असतानाच उरकून घेतलेले बरे.

तिसरे कारण ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. ताज्या काँक्रीटच्या वरच्या थरातले पाणी तासा-दोन तासांत उडून जाते आणि तो थर आक्रसून त्यावर केसासारख्या चिरा पडतात. काम करणाऱ्या माणसांच्या अंगाचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. हिवाळ्यात हे दोन्ही टळते.

एवढे सगळे अनुकूल असले तरी हिवाळ्याच्या स्वतःच्या काही अडचणी असतात. पहिली माणसांची. मराठवाड्यातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो. म्हणजे घरे बांधायचा हंगाम आणि गावे रिकामी व्हायचा हंगाम एकच. आमच्याकडे कामाला असलेले बिगारी जोडपे दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्या वर्षी मुलगी दहावीला होती म्हणून ते मागे राहिले. त्या मुलीच्या परीक्षेमुळे आम्हाला माणसे मिळाली, हे मी विसरत नाही.

दुसरी अडचण विटांची. वीटही हंगामी. पाऊस थांबल्याशिवाय माती मळता येत नाही, थापलेली कच्ची वीट उन्हात सुकवावी लागते, मग भट्टी रचायची, पेटवायची, ती निवेपर्यंत थांबायचे. मध्येच अवकाळी पाऊस आला तर थापलेल्या विटांचा पुन्हा चिखल होतो. त्यामुळे नव्या भट्टीची वीट हाती यायला डिसेंबर अखेर किंवा जानेवारी उजाडतो. नोव्हेंबरात मिळते ती बहुधा मागल्या सालची, पावसाळाभर उघड्यावर पडलेली. मिस्त्रींनी मला वीट पाहायला शिकवले. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. नाणे वाजल्यासारखा आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आवाज आला तर कच्ची. कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकली तर चांगली वीट फुटत नाही. आणि रचण्याआधी वीट पाण्यात भिजलेली असली पाहिजे, नाहीतर ती मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. थंडीच्या सकाळी हौदातल्या गार पाण्यात हात घालायला कुणालाच नको वाटते. म्हणून हिवाळ्यात न भिजवलेल्या विटा भिंतीत जातात. त्यावर मिस्त्रींनी उपाय काढला. विटा आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना भिजवून ठेवायच्या.

दिवसही लहान. डिसेंबरात आपल्याकडे उजेड जेमतेम अकरा तास असतो. त्यातला पहिला तास शेकोटीभोवती आणि चहात जातो. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. गारठलेल्या बोटांनी धरलेला ओळंबा सरळ राहत नाही.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्याशी जोडलेले आहे. आमचे मूळ गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी विशीत होतो. आमचे घर माळवदाचे. जाड दगडी भिंती, त्या चिखलात रचलेल्या, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून नवी पांढरी माती टाकत जायचे आणि थरावर थर चढत जायचा. ते माळवद उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. पण भिंत हलली की ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर येई. त्या पहाटे त्या भागात हजारो माणसे अशीच आपल्याच घराखाली गेली. आमच्या घराचा मागचा खण बसला. आम्ही पुढच्या ओसरीत होतो म्हणून वाचलो. तो हिवाळा आम्ही अंगणात, ताडपत्रीखाली काढला.

तेव्हापासून माझी अम्मी छताखाली निवांत झोपली नाही. पुढे आम्ही शहरात आलो, भाड्याची घरे बदलली. प्रत्येक घरात तिचे अंथरूण दारापाशी. नव्या घराचा नकाशा तिला दाखवला तेव्हा तिने खोल्या पाहिल्या नाहीत. “वर काय टाकणार?” एवढेच विचारले. स्लॅब म्हटल्यावर ती म्हणाली, “पत्राच टाक. पत्रा पडला तर माणूस मरत नाही.”

नकाशा काढणारा अभियंता वयाने माझ्या मुलाएवढा. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सांगू लागला. दादी, त्या वेळी दगड सुटे सुटे होते, त्यांना बांधून ठेवणारे काही नव्हते. आता खांब, तुळई आणि स्लॅब एकमेकांत सळयांनी गुंफलेले असतात. जोत्याच्या पातळीवर एक पट्टी, दारे-खिडक्यांच्या वर एक पट्टी, साऱ्या घराला कमरपट्टा बांधल्यासारखी. खांबातल्या रिंगांची टोके नुसती काटकोनात वळवायची नाहीत, आत पोटाकडे वळवायची, म्हणजे धक्का बसला तरी रिंग उघडत नाही. अम्मीने सगळे ऐकून घेतले. पटले की नाही ते बोलली नाही. दुसऱ्या दिवशीपासून मात्र ती रोज साइटवर यायला लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅब पडला. ऊन वर आल्यावर काम सुरू झाले. उन्हाळ्यात भल्या पहाटे किंवा संध्याकाळी काँक्रीट टाकणे चांगले, पण थंडीत उलट. सकाळी ऊन आल्यावर टाकले की रात्रीचा गारवा सुरू होण्याआधी ते आळून आलेले असते. पाण्यावर मिस्त्रींची कडक नजर होती. घरासाठी नेहमी वापरतात त्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटला ५० किलोच्या एका गोणीमागे फार तर ३० लिटर पाणी, असे प्रमाण आपल्या भारतीय मानकात दिलेले आहे. पातळ मिश्रण घमेल्यातून सहज ओतता येते म्हणून टोळीवाले पाणी वाढवायला पाहतात. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. संध्याकाळी काम संपले, फातेहा झाला, टोळीला जेवण दिले. मिस्त्रींनी देवाच्या नावाने आधीच एका कोपऱ्यात नारळ फोडला होता. रात्री वर प्लास्टिकचे कागद अंथरले.

आठव्या दिवशी मी मिस्त्रींना विचारले, “मिस्त्री, स्लॅब वाळला का?”

ते हसले. “भाई, स्लॅब वाळत नसतो. मुरतो.”

घर बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे हे वाक्य आहे. आपण समजतो की सिमेंट म्हणजे चिखलासारखे काहीतरी, पाणी उडाले की घट्ट होते. खरी गोष्ट उलटी आहे. सिमेंटचे कण आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, त्यातून बारीक तंतू आणि स्फटिक तयार होतात, ते वाळू-खडीला धरून ठेवतात, आणि त्यातून ताकद येते. ही क्रिया चालायला पाणी हवे. पाणी संपले की ती थांबते आणि उरलेले सिमेंट आत नुसतेच पडून राहते. म्हणजे जो स्लॅब लवकर वाळला तो अर्धवट राहिला. ही क्रिया बरेच दिवस चालते. २८ दिवसांची ताकद हे मोजमाप धरतात. त्यातली साधारण दोन तृतीयांश पहिल्या सात दिवसांत येते, पण हवा उबदार असेल तर.

थंडीची अट आहे ती इथे. ही क्रिया उबेत जोराने चालते, गारठ्यात मंदावते. माझ्या पत्नीने ते एका वाक्यात सांगितले. “थंडीत विरजण लावलं तर दही लागायला दुसऱ्या दिवशीची दुपार होते. भांड्याला टॉवेल गुंडाळावा लागतो. तुमचा स्लॅब काय वेगळा आहे?” प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे तपासतात ते २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवून. मी साइटवर एका बांबूला तापमापक टांगला होता. दुपारी २८-२९ अंश दिसत, पण पहाटे ११, कधी १२. म्हणजे दिवसा काम करणारे सिमेंट रात्री आखडून बसत होते. त्यातून आमच्या गोण्या पीपीसीच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेल्या सिमेंटच्या. हे सिमेंट टिकाऊपणाला चांगले, पण सुरुवातीला जरा सावकाश ताकद धरते. थंडीत आणखी सावकाश.

आपल्याकडच्या थंडीचा बाऊ करायचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. लडाखसारख्या ठिकाणी काँक्रीटमधले पाणीच गोठते, गोठताना फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. त्यामुळे तिकडची बांधकामे उन्हाळ्यात होतात. आपल्या मानकाप्रमाणे थंड हवेतल्या काँक्रीटचे खास नियम लागू होतात ते पारा ५ अंशांपर्यंत उतरला की. महाराष्ट्रात निफाडकडे एखाद्या वर्षी तशी वेळ येते, आमच्याकडे सहसा नाही. आपल्या थंडीने काँक्रीट बिघडत नाही. त्याला फक्त उशीर होतो. आणि बिघडते ते आपण त्या उशिराला जागा ठेवत नाही म्हणून.

मी तरी कुठे ठेवत होतो? त्या वर्षी रमजान मार्चच्या अखेरीस लागत होता. रोजे नव्या घरात व्हावेत, अम्मीने पहिली सहेरी तिथे करावी, असे मनात घेतले होते आणि चार लोकांना सांगूनही टाकले होते. नवव्या दिवशी सेंटरिंगवाला आला. त्याला प्लेटा आणि टेकू दुसऱ्या साइटवर न्यायचे होते. तो म्हणाला, “सात दिवसांत काढतो आम्ही. आजपर्यंत काही झालं नाही.” मला ते सोयीचे वाटले. प्लेटा निघाल्या की खाली भिंती सुरू करता येणार होत्या, भाड्याचा आकडा थांबणार होता. मी मिस्त्रींना म्हटले, “काढू द्या की.”

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. “भाई, तुम्ही लिवलेला कागद त्याच दिवशी छापायला देता का?”

मी म्हणालो, “नाही. पडू देतो काही दिवस.”

“मग ह्यो बी पडू द्या.”

मी अभियंत्याला फोन केला. तो संध्याकाळी येऊन काँक्रीटच्या भारतीय मानकातला तक्ता घेऊन बसला. आयएस ४५६ हे ते मानक, २००० साली सुधारलेले. सेंटरिंगवाला अगदीच खोटे बोलत नव्हता. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात असे त्यात आहे. पण गाळा त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. तुळईखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१ दिवस. आमचा हॉल १६ फुटांचा, म्हणजे साडेचार मीटरच्या वरच. आणि त्या तक्त्याच्या आधी एक वाक्य आहे, ते सहसा कुणी वाचत नाही. हे दिवस साधे ओपीसी सिमेंट असेल, पाणी नीट मारले असेल आणि हवेचे तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल, तरच. थंडी जास्त असेल किंवा सिमेंट वेगळे असेल तर दिवस बदलून घ्यायचे. आमच्याकडे दोन्ही होते. माझा तापमापक बांबूवर टांगलेला होता आणि मी तो रोज वाचत होतो, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

लवकर टेकू काढले म्हणून दर वेळी स्लॅब कोसळतो असे नाही. कोसळतो तेव्हा बातमी होते. पण बहुतेक वेळा तो नुसता पोटात झुकतो. कोवळ्या काँक्रीटवर भार आला की त्याला झोल पडतो आणि तो झोल जन्मभर राहतो. गच्चीवर तिथे पाणी साचते, खाली गिलाव्याला चिरा पडतात, पुढे ओल सळईपर्यंत पोचते. दहा वर्षांनी घरमालक सिमेंटला शिव्या देतो. नवव्या दिवशी काय केले होते ते त्याला आठवतही नसते.

आम्ही बोलत होतो तेव्हा अम्मी विटांच्या ढिगावर बसली होती. तिला तक्ता कळला नसेल, पण कुणाला कशाची घाई आहे ते कळले. ती मला म्हणाली, “इत्ती जल्दी कायकू? रोजे भाड्याच्या घरात कबूल होत नाहीत का?”

प्लेटा २१ दिवस राहिल्या. हॉलच्या मध्ये काही टेकू त्यानंतरही आठवडाभर ठेवले. सेंटरिंगवाल्याला जादा दिवसांचे भाडे दिले. तो नाराज झाला, पण पुढे त्यानेच मला सांगितले की थंडीत तो आता गाळा विचारून तारीख देतो.

या २१ दिवसांत एक काम रोज होते, पाणी मारण्याचे. थंडीत फसवणूक होते ती इथेही. उन्हाळ्यात स्लॅब डोळ्यांदेखत पांढरा पडतो, त्यामुळे कुणीही सांगते की पाणी मारा. थंडीत वाटते, इतका गारवा आहे, ओल टिकलेलीच असणार. पण आपला हिवाळा कोरडा असतो. आपले ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, ती हवा काँक्रीटलाही तशीच सुकवते. सकाळी भिजवलेले गोणपाट दुपारी हाताला कडक लागते. मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस सतत ओल ठेवायला सांगितले आहे, शक्य तर चौदा. सतत म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणे नव्हे. दोनदा भिजवून मध्ये वाळू देणे हे काँक्रीटला भुकेले ठेवण्यासारखेच. स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि ते पाण्याने भरलेले ठेवायचे. खांबांना गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवायचे. खांब उभा असतो, पाणी त्याच्यावर ठरत नाही, म्हणून सर्वांत जास्त उपेक्षा त्याचीच होते. आणि भूकंपात घर उभे राहते ते खांबांवर.

हे काम अम्मीने आपल्याकडे घेतले. जिना अजून कच्चा, तिला वर जाऊ देत नसू. ती खाली खांबांपाशी असायची. हातात एक जुना लोटा, शेजारी बादली. गोणपाटाला हात लावून पाहायची, कोरडे लागले की पाणी ओतायची. उन्हात खुर्ची टाकून बसायची आणि तासाभराने पुन्हा फेरी. बिगारी बाई तिला म्हणायची, “आजी, बसा की जरा, मी घालते.” ती ऐकायची नाही. ज्या छताची तिला धास्ती होती त्याच्या खांबांना ती स्वतःच्या हाताने पाणी पाजत होती. आम्ही कुणी तिला त्याबद्दल काही बोललो नाही.

पुढची कामे सांगून थांबतो. भिंती झाल्या, गिलावा झाला. गिलाव्यालाही पाणी लागते, आठवडाभर तरी. त्यानंतर मात्र खरोखर वाळू द्यायची वेळ येते. घर बांधताना वाळण्याला महत्त्व आहे ते रंगाच्या आधी. भिंतीत ओल असताना वर रंग चढवला तर तो ओल आत कोंडतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. इथेही आम्ही थांबलो. दारांच्या बाबतीत सुताराने एक गोष्ट सांगितली. कोरड्या दिवसांत लाकूड आक्रसलेले असते. अशा वेळी दार चौकटीत अगदी घट्ट बसवले तर पावसाळ्यात ते फुगून अडकते आणि लोक मग रंधा घेऊन बसतात. म्हणून बसवतानाच कडेला थोडी फट सोडायची. जूनमध्ये काय होणार याचा विचार त्याने फेब्रुवारीत केला होता.

रमजान भाड्याच्या घरातच गेला. ईदही तिथेच झाली. जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर आम्ही नव्या घरात आलो. ज्यांना मी मार्चची तारीख सांगितली होती त्यांनी थोडी थट्टा केली. ऊसतोडीला न गेलेले ते जोडपे मुलीला घेऊन आले होते. ती पास झाली होती. मिस्त्री आले, त्यांनी हॉलमध्ये उभे राहून वर पाहिले, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाइनदोरी ताणायला लावली, आणि स्लॅबचा तळ दोरीशी समांतर आहे हे पाहून मगच चहा घेतला.

यंदाही दिवाळीनंतर कुणी घर बांधायला काढणार असेल तर त्याला माझे सांगणे एवढेच. हंगाम चांगला निवडला आहे. माती खोदण्याजोगी आहे, पाणी आहे, ऊन सोसण्याजोगे आहे. फक्त घरभरणीची तारीख छापण्याआधी एक तापमापक विकत घ्या आणि पहाटे तो काय दाखवतो ते पाहा. तो १५ च्या खाली असेल तर तारीख पुढे ढकला. गोणीवर कोणते सिमेंट लिहिले आहे ते वाचा. गाळा किती फुटांचा आहे ते अभियंत्याला विचारा. सेंटरिंगच्या जादा दिवसांचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, म्हणजे नंतर ते जड जात नाहीत. आणि हवा गार आहे म्हणून पाणी थांबवू नका.

नव्या घरातल्या पहिल्या रात्री अम्मीचे अंथरूण आम्ही सवयीने दारापाशी घातले. ती बराच वेळ बसून होती. मग उठली, उशी काखेत घेतली आणि हॉलच्या मधोमध, स्लॅबच्या बरोबर खाली जाऊन आडवी झाली. मी विचारले, “इथे?”

ती म्हणाली, “याला मी पाणी घातलंय.”

आणि ती झोपली. रात्री पाऊस आला, तेव्हाही ती उठली नाही.